पहिला खर्डा झाला, आता पुनर्लेखन कुठून सुरू करायचं?

कोराकागद

नमस्कार मंडळी. कथेचा पहिला खर्डा हातात आहे, ६,४०० शब्दांचा. वडील गेल्यानंतर दोन वर्षांनी दोन बहिणी, थोरली नलिनी आणि धाकटी शुभा, त्यांचं बंद घर रिकामं करायला येतात. वडिलांनी शुभाला लिहिलेलं पत्र नलिनीने इतके दिवस दडवून ठेवलंय. आवराआवरीत ते सापडतं. निवेदन तृतीयपुरुषी, शुभाच्या बाजूने. प्रसंग सात:

१. शुभा बसमधून येतेय – ७०० शब्द
२. घरी पोचते, गप्पा, जुन्या आठवणी – १,९००
३. कपाट आवरणं – ८००
४. शेजारचे काका डोकावतात – ६००
५. पत्र सापडतं – ४५०
६. भांडण – ३५०
७. शुभा परत निघते, वाटेत विचार – १,६००

वाचलेल्या तिघांचं एकच म्हणणं, "छान आहे, पण मधे जरा रेंगाळते." नेमकं कुठे, ते कोणी सांगत नाही. पहिली दोन पानं इतक्यांदा घासलीत की आता गुळगुळीत झालीत, बाकीची तशीच आहेत. पुनर्लेखनाचा काही क्रम असतो का? आणि लघुकथेला ६,४०० शब्द जास्त होतात का?

मात्रावेलांटी

क्रम असतो, आणि तो बहुतेकांच्या सवयीच्या उलटा असतो. आधी रचना, मग एकेक प्रसंग, मग परिच्छेद, मग वाक्य, आणि शुद्धलेखन अगदी शेवटी. कारण साधं आहे. घासूनपुसून लख्ख केलेलं वाक्य कापायला हात धजत नाही. तुमची पहिली दोन पानं कथेला नको असतील तरी आता ती काढणं तुमच्या जिवावर येणार.

सुरू करण्याआधी खर्डा बंद करून ठेवा. लघुकथेला दोन आठवडे पुरतात, कादंबरीला दीड-दोन महिने लागतात. मग कागदावर छापून घ्या, ओळींत दुप्पट अंतर, उजवीकडे चार बोटं समास, आणि टंक (फाँट) नेहमीपेक्षा वेगळा. वेगळा टंक ही गंमत नाही. ओळी वेगळ्या जागी तुटतात, त्यामुळे डोळा पाठ झालेल्या वाक्यांवरून घसरत नाही.

पहिलं वाचन एका बैठकीत करायचं आणि दुरुस्ती करायची नाही. समासात फक्त तीन खुणा: कंटाळा आला तिथे 'कं', कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, पटलं नाही तिथे फुली. खूण का केली ते लिहीत बसू नका. लिहायला लागलात की तुमच्यातला वाचक उठून जातो आणि लेखक खुर्चीत येऊन बसतो.

खर्डेघाशा

वरच्याला +१. पण या कथेचं दुखणं वाचनाआधी नुसत्या आकड्यांतच दिसतंय.

पहिला, दुसरा आणि सातवा प्रसंग मिळून ४,२०० शब्द, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश कथा. या तिन्हींत काय घडतं? येणं, बसणं, जाणं. आणि जिच्यासाठी कथा लिहिली ती पत्राची नि भांडणाची जागा दोन्ही मिळून ८०० शब्दांत उरकलीय. वाचक "रेंगाळते" म्हणतात तेव्हा दर वेळी लांबी जास्त असते असं नाही. बऱ्याचदा लांबी चुकीच्या जागी असते. भांडण लिहायला अवघड, म्हणून लेखक तिथून पळ काढतो. विचार लिहायला सोपे, म्हणून तिथे ऐसपैस बसतो.

आता प्रसंगपत्रक करा. एका प्रसंगाला एक आडवी ओळ, रकाने सहा: कुठे-कधी, कोण कोण हजर, कोणाला काय हवंय, आडवं काय येतं, प्रसंगाच्या शेवटी काय बदललं, शब्दसंख्या. पाचवा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. त्यात "शुभाला वाईट वाटतं" असं लिहावं लागलं तर तो रकाना रिकामाच समजा. मनःस्थिती बदलणं पुरत नाही. कोणाला काहीतरी कळलं, कोणी शब्द दिला, कोणी खोटं बोललं, एखादी वस्तू या हातातून त्या हातात गेली, असं काहीतरी हवं. नियम म्हणून सांगायचं तर पाचवा रकाना रिकामा असलेला प्रसंग एकतर काढायचा किंवा शेजारच्या प्रसंगात विरघळवायचा.

तुमचं पत्रक भरल्यावर बहुधा असं दिसेल: पहिल्यात काही बदलत नाही, दुसऱ्यात काही बदलत नाही, चौथ्यात काका येतात नि जातात.

शाईचाडाग

लांबीबद्दल. विज्ञानकथांच्या नेब्युला पुरस्काराच्या नियमांत ७,५०० शब्दांखाली लघुकथा, तिथून १७,५०० पर्यंत दीर्घकथा, ४०,००० पर्यंत लघुकादंबरी आणि पुढे कादंबरी अशी विभागणी आहे. पण ती इंग्रजीच्या मापाची. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'घरातल्यांनासुद्धा' हा आपल्याकडे एक शब्द, इंग्रजीत त्याचे चार-पाच होतात. त्यामुळे तेवढाच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो आणि तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे लावले तर कथा फुगते. दोन माणसं, एक घर, एक दुपार एवढ्या ऐवजाला मराठीत साडेतीन-चार हजार शब्द भरपूर झाले.

पानगळ

पण म्हणून दुसरा प्रसंग सरसकट उडवू नका हं. १,९०० शब्दांत पुढे लागणारी माहिती नक्की असणार: वडील कसे होते, नलिनी त्यांच्याजवळ राहिली, शुभा लांब गेली. प्रसंग कापताना आधी तो वाचून त्यातल्या माहितीची यादी करायची. प्रत्येक नोंदीपुढे लिहायचं, ही पुढे कुठे लागते? जी कुठेच लागत नाही ती गेली. जी लागते ती, जिथे लागते त्याच्या अगदी अलीकडे हलवायची. १,९०० शब्दांतून अशा पाच-सहाच गोष्टी हाती लागतील, आणि एकेकीला एक-दोन वाक्यं पुरतात.

कापलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, नाव सरळ 'कापलेलं'. तो परत वापरला जाईल म्हणून नाही, क्वचितच वापरला जातो. पण फेकून दिलेलं नाही हे मनाला माहीत असलं की कात्री मोकळी चालते. तसंच प्रत्येक खर्ड्याची नवी फाइल, नावात क्रमांक आणि तारीख. एकाच फाइलवर लिहीत राहिलात तर चौथ्या खर्ड्यात कळतं की दुसऱ्यातला शेवट बरा होता, आणि तो गेलेला असतो.

अर्धविराम

रचनेचं झालं, आता वाक्याकडे येऊ. दोन बहिणींची कथा, म्हणजे मराठीत एक हमखास खड्डा आहे: 'ती'. "तिने तिला तिची पिशवी दिली." कोणी, कोणाला, कोणाची? प्रसंगात दोन बायका (किंवा दोन पुरुष) असले की असं दर पानावर होतं, आणि लिहिणाऱ्याला ते कधीच दिसत नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे चित्र असतं.

उपाय तीन. परिच्छेदात पहिल्यांदा येणारीला नावानेच आणा. दुसरं, 'आपला-आपली' वापरा. ते कर्त्याकडे वळतं, त्यामुळे "नलिनीने शुभाला आपली पिशवी दिली" म्हटलं की पिशवी नलिनीची हे पक्कं होतं. तिसरं, कर्ता गाळता येतो ही मराठीची सोय वापरा. "शुभा उठली. खिडकी लावली. परत येऊन बसली." इथे 'ती' एकदाही नाही आणि कोणाचा गोंधळही होत नाही. मात्र मधे नलिनीने काही केलं की साखळी तुटते, तिथून पुन्हा नाव.

दुसरा खड्डा म्हणजे 'तिला दिसलं, तिला जाणवलं, तिला वाटलं'. निवेदन शुभाच्या बाजूचं आहे ना? मग जे दिसतंय ते तिलाच दिसतंय, दर वेळी पावती फाडायची गरज नाही. खर्ड्यात असं काहीतरी असेल:

"शुभाने कपाट उघडलं. तिला आत सदऱ्यांच्या घड्या दिसल्या. तिला जाणवलं की हे कपाट कोणीतरी आधीच आवरलेलं होतं. तिला बाबांची आठवण आली आणि खूप वाईट वाटलं."

त्याचं असं होऊ शकतं:

"शुभाने कपाट उघडलं. सदऱ्यांच्या घड्या एकावर एक, कडेला कड लावून ठेवलेल्या. बाबांनी आयुष्यात कधी घडी घातली नव्हती."

२५ शब्दांचे १७ झाले. पण खरा फायदा वेगळाच आहे. कपाटाला आधी कोणाचा तरी हात लागलाय हे वाचकाने स्वतः ताडलं, आणि तो हात नलिनीचा असणार ही शंका तिचं नाव न घेता पेरली गेली. बाबांचा स्वभावही कळला. दुसऱ्या प्रसंगातली अर्धी माहिती पानगळ म्हणतात तशी इथेच येऊन बसते.

मात्रावेलांटी

सुरेख. त्यात एक भर: 'होता-होती-होतं'. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे भूतकाळात सलग सहा वाक्यं 'होतं'वर आपटतात आणि मोठ्याने वाचताना लेझीम चालल्यासारखं वाटतं. परिच्छेदातल्या प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली रेघ मारा. लागोपाठ तीन सारखे आले की एक बदला. एखादं वाक्य क्रियापदाशिवाय सोडा (वरची सदऱ्यांची ओळ बघा), एखाद्यात साधा भूतकाळ घ्या: 'बसली होती' ऐवजी 'बसली'. 'बसली होती' हे त्याही आधी घडून गेलेल्यासाठी राखून ठेवा. आठवणीत शिरताना पहिल्या एक-दोन वाक्यांत 'होती' लावा, वाचकाला काळ बदलल्याचं कळतं, मग साध्या भूतकाळात चालू लागा. आठवणीतून बाहेर येताना आत्ताच्या प्रसंगातली एखादी वस्तू किंवा आवाज पुढे करा.

सहज जमणारं काम: 'अचानक', 'एकदम', 'जणू', 'क्षणभर', 'नकळत' हे पाच शब्द शोधून मोजा. आकडा बघून धक्का बसेल.

कोराकागद

'क्षणभर' १४ वेळा. :( 

भांडणाचा प्रसंग ३५० वरून वाढवायचा तर नुसती आरडाओरड वाढतेय. "तू असं केलंस" – "हो, मी केलं, कारण..." यापलीकडे जाताच येत नाहीये.

खर्डेघाशा

कारण दोघी एकमेकींच्या प्रश्नाला सरळ उत्तरं देतायत. प्रश्न-उत्तर-प्रश्न-उत्तर झालं की ती उलटतपासणी होते. भांडणारी माणसं उत्तर टाळतात, विषय बदलतात, दुसऱ्याच गोष्टीवर घसरतात.

तुमच्याकडे काका आयते आहेत. चौथा प्रसंग वेगळा ठेवूच नका, पाचव्या-सहाव्यात घुसवा. पत्र सापडलंय आणि काका समोर बसलेत. आता दोघींनाही आवाज चढवता येत नाही:

"यावर तारीख कधीची आहे, ताई?"

"काका, पंखा वाढवू का?"

"तारीख वाच."

"उकडतंय आज फार. नाही का हो, काका?"

बोलण्यात पत्राबद्दल जवळजवळ काहीच नाही आणि सगळं आहे. शिवाय 'म्हणाली' एकदाही लागलं नाही, कारण कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं त्यावरूनच बोलणारी कळते.

'म्हणाली'ला घाबरू नका, ते वाचकाला दिसत नाही. 'उद्गारली', 'गरजली', 'फणकारली' दिसतात. त्यातला फणकारा शब्दांत आधीच असेल तर क्रियापदात परत कशाला? आणि नसेल तर क्रियापदाने येत नाही.

अर्धविराम

हाकांचा मुद्दा जरा ताणतो, कारण मराठीत तो फुकटात मिळालेला दागिना आहे आणि लोक वापरत नाहीत. कथा लिहिण्यापूर्वी छोटा तक्ता करा: कोण कोणाला काय म्हणतं, तू की तुम्ही. शुभा नलिनीला 'ताई' आणि 'तू'. नलिनी शुभाला नावाने, 'अगं'. काका नलिनीला अहोजाहो करतात, पण शुभाला एकेरी, कारण त्यांच्या लेखी ती अजून लहानच. एवढ्यावरून या घरात कोणाला मोठं धरतात ते समजतं, निवेदनात एक शब्द न लिहिता.

आता तक्ता मोडण्याची जागा निवडा. भांडणात शुभाने एकदाच 'ताई' सोडून 'नलिनी' म्हटलं, किंवा उपरोधाने "तुम्ही ठरवलंत ना, मग झालं" असं म्हटलं, तर ती घटनाच झाली. पण एकदाच. तीनदा केलं की युक्ती उघडी पडते. आणि तक्ता आधी चुकून कुठे मोडलेला नसावा, नाहीतर मुद्दाम मोडलेलं कळत नाही. संवादांत सगळ्यांत जास्त सापडणारी चूक हीच: दुसऱ्या पानावर 'तुम्ही', पाचव्यावर विनाकारण 'तू'.

बोलीचंही तसंच. काकांची बोली वेगळी दाखवायची असेल तर तीन-चार लकबी ठरवा (एखादं क्रियापदाचं रूप, एखादा शब्द, वाक्याच्या शेवटचं 'की' किंवा 'बरं का') आणि त्याच शेवटपर्यंत पाळा. प्रत्येक शब्द उच्चारानुसार लिहिलात तर वाचक माणसाकडे न बघता अक्षरं जुळवत बसतो.

हो, आणि "तुला तर माहीतच आहे" या शब्दांनी सुरू होणारं प्रत्येक वाक्य खोडा. ते दुसऱ्या पात्राला सांगितलेलं नसतं, वाचकाला सांगितलेलं असतं.

दौतटाक

धाग्याचा विषय थोडा हलवतो. हे सगळं करायला रोज बसावं लागतं, त्याचं काय? माझं मत, रोज ठराविक शब्द. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप पोस्ट खात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला बसायचा, समोर घड्याळ, दर १५ मिनिटांना २५० शब्द. शब्दांचं माप ठेवलं की सबबी संपतात.

पानगळ

दौतटाक, त्या गोष्टीचा अर्धाच भाग सगळीकडे सांगितला जातो. ट्रोलोपच्या आत्मचरित्रातच (१८८३) तो म्हणतो की रोज सुरुवातीला अर्धा तास आदल्या दिवसाचं लिखाण वाचण्यात जायचा. लय कानात बसवायची, मग पुढे. त्याच्या रोजच्या तीन तासांतला अर्धा तास म्हणजे सहावा हिस्सा. तुमच्याकडे रोजचा एकच तास असेल तर दहा मिनिटं वाचन, चाळीस मिनिटं लिखाण आणि दहा मिनिटं उद्यासाठी टिपण.

आणि शब्दांचं माप पहिल्या खर्ड्यापुरतंच खरं. पुनर्लेखनात चांगला दिवस म्हणजे उणे ३०० शब्दसुद्धा असतो. तिथे शब्द मोजलेत तर कापायचं टाळाल. पुनर्लेखनाचं माप प्रसंगात ठेवा: एका बैठकीला एक प्रसंग, आणि त्यावर एकच काम. आज फक्त संवाद, उद्या फक्त 'तिला वाटलं'. सगळं एकदम दुरुस्त करायला गेलं की पुन्हा पहिली दोन पानं गुळगुळीत होतात आणि बाकी तसंच राहतं. मूळ प्रश्न तोच होता ना?

थांबताना प्रसंगाच्या शेवटाला थांबू नका. मधेच थांबा, पुढचं वाक्य काय ते माहीत असताना, आणि ते अर्धं लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही.

दौतटाक

पुनर्लेखनापुरतं मान्य. पहिल्या खर्ड्याला मात्र शब्दच, त्यावर मी अडून आहे. :)

शाईचाडाग

वाचकांना काय विचारायचं ते राहिलं. "कशी वाटली?" विचारलं की "छान आहे" येणारच, समोरचा संबंध सांभाळतोय. त्याऐवजी छापील प्रत आणि पेन्सिल द्या आणि आधीच सांगा: जिथे वाचन थांबलं, मोबाइल बघावासा वाटला, तिथे आडवी रेघ. वाचून झाल्यावर तीन प्रश्न: शुभाला काय हवं होतं? पत्राबद्दल संशय कुठे आला? कुठलं वाक्य दोनदा वाचावं लागलं? तिघांपैकी दोघांची रेघ एका पानावर आली की तिथे दोष आहे हे नक्की. पण त्यावर ते जो उपाय सुचवतील तो लगेच उचलू नका. रेघ जिथे पडते त्याच्या पान-दोन पानं आधी कारण असतं. पाचव्या पानावर कंटाळा आला, कारण तिसऱ्यावर जे कळायला हवं होतं ते कळलंच नाही.

कोराकागद

मनापासून आभार. नवीन पत्रक केलंय:

१. कपाटापासून सुरुवात, जुन्या माहितीतलं लागेल तेवढं इथेच – १,३००
२. काका येतात, त्यांच्यासमोर पत्र सापडतं – ८००
३. भांडण – १,४००
४. शुभा निघते – ४००

एकूण ३,९००. पत्र वाचकाला अख्खं दाखवावं का?

खर्डेघाशा

अख्खं नको. पत्र कथेत उतरवलं की वडील स्वतः येऊन बोलायला लागतात आणि दोन बहिणींचं भांडण तिसराच माणूस मिटवतो. एक ओळ दाखवा, तीही कामाची, भावनेची नको. 'गिझरची पावती वरच्या खणात आहे' असल्या ओळीखाली शुभाचं नाव दिसलं तर पुरे. बाकीचं पत्र नलिनीला तोंडपाठ आहे असं एका ठिकाणी निसटू द्या, म्हणजे ती ते किती वेळा वाचत होती तेही आलं.

पत्रकात एक गोष्ट राहिलीय: काका उठतात कधी? ते बसलेत तोवर आवाज दबलेला, गेले की चढणार. त्यांना दुसऱ्या प्रसंगातच घालवलंत तर तिसऱ्याचे १,४०० शब्द एकाच पट्टीत जातील आणि परत रेंगाळेल. त्यांना भांडणात ६००-७०० शब्दांपर्यंत बसवून ठेवा. मग ते उठतील, दारापर्यंत जातील, चपला घालतील. तेवढ्यात दोघींनी एक अक्षर बोलायचं नाही.